ती ओळ मी उघडली, विलास

विलास, मी तुझ्यावर अजून चिडलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी चार शब्द चांगले बोललो तर तू लगेच मिशीला पीळ भरायला नकोस. गेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात. पण तू समोर असतास तरी मी हेच बोललो असतो आणि तू एकाला दोन ऐकवल्या असत्यास. आता मी बोलतो आणि तिकडून काही येत नाही, एवढाच काय तो फरक.

गावाला माहीत आहे ते अर्धं आहे. विलास सकाळी विहिरीवर गेला, मोटारीची सैल झालेली वायर आवळत बसला, लाइट आली आणि शॉक लागून जागेवर गेला. एवढं खरं आहे. उरलेलं अर्धं तुझ्या घरात आणि माझ्या पोटात आहे. लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा बॉक्स तू स्वतः बनवला होतास. मोटार चालू होण्याआधी दोन मिनिटं भोंगा वाजला पाहिजे, म्हणजे जवळ कुणी असेल तर लांब होईल, ही प्रोग्राममधली ओळ तूच लिहिली होतीस. आणि ती ओळ बंद केलीस तीही तूच.

प्रोग्राम लिहायच्या सी भाषेत ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारल्या की ओळ जागच्या जागी राहते. डोळ्यांना दिसते, वाचता येते, फक्त यंत्र तिच्याकडे बघत नाही. तुझ्या लॅपटॉपवर मी ती पाहिली. भोंगा वाजव, असं स्पष्ट लिहिलेलं, आणि तिच्या आधी त्या दोन रेघा. खालच्या ओळीत दोन मिनिटांच्या जागी दोन सेकंद केलेले होते. खोलीत तानाजी होता, तुझा धाकटा भाऊ. त्यानं विचारलं, ‘काय गावलं का?’ मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि त्या दोन रेघांवर बोट ठेवलं.

आपली ओळख भांडणातूनच झाली होती ना. सांगलीत सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर मोटार चालू-बंद करणारा एकच रिले उरला होता आणि आपण दोघं त्याच्यासाठीच आलो होतो. मी आधी मागितला होता. तू तो सरळ उचललास आणि मला विचारलंस, ‘तुमाला कशाला पायजे?’ मी म्हणालो, घरच्या पाण्याच्या टाकीला. ‘मग माझा मान पयला,’ तू म्हणालास. ‘तुमची टाकी हाय, माझी इहीर हाय.’ दुकानदार हसायला लागला. रिले तू घेऊन गेलास, पण जाताना माझा नंबर घेतलास, आणि पुढच्या रविवारी इस्लामपुरात माझ्या दारात हजर. हातात तो रिले, एक बोर्ड, वायरींचा गुंता आणि वहिनींनी दिलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आत आल्या आल्या म्हणालास, ‘शेट, तुमी जैन लोकं पाणी गाळून पिता म्हणं. मग टाकीत कशाला भरता?’ मी साखर कारखान्यात मीटर बघणारा नोकरदार माणूस, पण मगदूम आडनाव ऐकल्यापासून तुझ्यासाठी कायमचा शेट झालो.

फौजेत तू सिग्नलला होतास. पेन्शनवर आलास तेव्हा तुझ्या बरोबरीचे लोक सोसायटीच्या राजकारणात शिरले आणि तू सी शिकायला बसलास. लोकांना वाटलं, डोकं फिरलं. मलाही थोडं वाटलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो, हे तुझ्या काही केल्या लक्षात राहायचं नाही. मग एके दिवशी तूच म्हणालास, ‘आरं, ह्ये तर वायरलेससारखं हाय. आपलं बोलून झालं की ओव्हर म्हणायचं. ओव्हर म्हणलं न्हाई तर समोरचा बसतोय वाट बघत.’ त्या दिवसापासून तुझा अर्धविराम चुकला नाही. मी कारखान्यात इतकी वर्षं काट्यांवरचे आकडे नुसते टिपत आलो होतो. स्वतःच्या हातानं काही करायची चव मला तुझ्यामुळे परत लागली.

आणि माझ्या वडलांची ती कळ. अर्धांगानं त्यांची वाचा गेली तेव्हा तू त्यांच्या खाटेला एक मोठं लाल बटण बसवून दिलंस. दाबलं की माझ्या फोनवर आणि तुझ्या फोनवर मेसेज. कारखान्यात पाळी चालू असताना मला फोन बघता यायचा नाही. तू ऊस सोडून गाडीला किक मारून यायचास. बहुतेक वेळा त्यांना काहीच नको असायचं. तू उशाशी बसून फौजेतल्या गप्पा मारायचास आणि ते ऐकत पडायचे. मला हे सगळं उशिरा कळलं, ते गेल्यावर, शेजाऱ्यांकडून. तुला याबद्दल नीट काही बोलायचं राहून गेलं. बोललो असतो तर तू चेष्टाच केली असतीस, म्हणून राहिलं.

पण आपलं खरं भांडण वेगळंच होतं. तू जे बनवशील ते नेटवर उघडं ठेवायचास. नकाशा, प्रोग्राम, बॉक्सच्या भोकांची मापंसुद्धा. कुणीही यावं, घ्यावं, वापरावं, बदलावं. मी म्हणायचो, ठेव, पण त्याची जबाबदारी कुणाची? लोक उचलतात, वाचत कुणी नाही. तू म्हणायचास, ‘उघडं ठिवलं की चार डोळं बघत्यात. चूक झाकून ऱ्हात न्हाई. फौजेत कवाच एकट्याच्या डोळ्यावं पहाऱ्याची पोस्ट सोडत न्हाईत.’ मी म्हणायचो, चौघं बघणार आहेत म्हटलं की प्रत्येकजण झोपतो. भागीचं घोडं किवणानं मरतं. ‘मग तू जागा ऱ्हा की,’ तू म्हणायचास. यावर मी आणखी चिडायचो.

तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये तर तू मला चारी मुंड्या चीत केलंस. हवा दमट झाली की मालकाला कळवणारा बॉक्स आपण लावला होता. दमट असो नसो, तो कधीही बोंबलायचा. मालक वैतागून म्हणाला, ‘द्राक्षं वाळायचं राहू दे, हितं मी वाळालोय झोपंवाचून.’ आपण दोघांनी प्रोग्राम उलटा-सुलटा वाचला आणि चूक काही सापडेना. मग कुठल्या तरी परक्या मुलखातल्या, आपण ज्याचं तोंड पाहिलं नाही अशा माणसानं नेटवर तोच प्रोग्राम वाचून कळवलं, की तुलना करायच्या ठिकाणी बरोबरचं चिन्ह दोनदा हवं होतं, तुम्ही एकदाच दिलंय. तू तासगावच्या एसटी स्टँडवर माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की चहा शर्टावर सांडला. ‘बघ, बघ! चार डोळं!’ पुढे कित्येक महिने तू मला हे ऐकवत होतास. मी म्हणत राहिलो, एकदा लागला मटका म्हणून रोज लागत नाही.

हे भांडण मी जिंकलो, विलास. असं जिंकायचं नव्हतं मला.

शेवटची नवी आवृत्ती तू आईसाठी केलीस. बॉक्सचे मेसेज इंग्रजी अक्षरांत यायचे, त्या माउलीला फक्त बाळबोध वाचता येतं. ‘मोटार माझी, इहीर माझी, आन् मेसेज विंग्रजाचा,’ असं त्या म्हणाल्या आणि तुला ते लागलं. तू बसलास मराठी अक्षरं जुळवत. चाचणीला बॉक्स माजघरात, भोंगा खाटेवर. दर वेळी बोर्डाला वीज दिली की भोंगा दोन मिनिटं कोकलायचा. आईंचा रक्तदाब आधीच वरखाली. त्यांनी दम दिला, ‘त्ये भुकणारं बंद कर, न्हाईतर मी देवळात जाऊन बसतीया.’ मग तू त्या दोन रेघा मारल्यास. दोन मिनिटांचे दोन सेकंद केलेस. त्यात वावगं काही नाही, टेबलावर तपासताना सगळेच असं करतात. मीही करतो. पण टेबलावरचं शेतात न्यायच्या आधी रेघा पुसायच्या असतात.

तू पुसल्या नाहीस. तोच प्रोग्राम स्वतःच्या विहिरीवरच्या बॉक्समध्ये घातलास आणि त्याच संध्याकाळी नेटवरही टाकलास. मला फोन केलास. ‘शेट, मेसेज मराठीत याय लागलं. आई वाचून दावतीया सगळ्या गल्लीला. लय भारी वाटतंय गड्या.’ मी विचारलं, नीट तपासलंस ना? ‘चकाचक हाय,’ तू म्हणालास. तू विसरला होतास, की उद्या पुसू म्हणून मुद्दाम ठेवलं होतंस, हे मला कळायला मार्ग नाही. त्या आवाजावरून मी ठरवायचा प्रयत्न करतो आणि कधी हे वाटतं, कधी ते.

आणि मेन स्विच? प्रत्येक शेतकऱ्याला तू बजावायचास, ‘भोंगा हाय म्हणून मेन बंद न करता हात घालू नगा.’ मी कानांनी ऐकलंय. तुझ्या हातचे बॉक्स ज्यांच्या विहिरींवर आहेत ते सगळे जिवंत आहेत, त्यांच्यात जुनी आवृत्ती आहे, त्यांचे भोंगे वाजतात. तू एकटा मोटारीचं झाकण उघडून बसलास आणि मेन तशीच ठेवलीस, कारण तुझ्या मनात पक्कं होतं की आधी भोंगा वाजेल. दुसऱ्या कुणाच्या बॉक्सवर तू एवढा भरवसा ठेवला नसतास. याच्यावरच माझा सगळा राग आहे.

दहाव्याला नदीवर मीही आलो होतो. आमच्यात हे नसतं, म्हणून जरा बाजूला उभा होतो. पिंड ठेवला, लोक मागे सरले. माणूस असा अवचित गेला की कावळा रुसतो म्हणतात, म्हणून कुणी काय वचन द्यायचं याची कुजबुज चालू होती. तोवर कावळा आला आणि सरळ शिवला. ‘कायबी राह्यलं न्हाई बघा विलासचं,’ एकजण समाधानानं म्हणाला, ‘तृप्त जीव.’ मला असा संताप आला की विचारू नको. म्हटलं, वा रे वा, तुझं काही राहिलं नाही. मागे जे ठेवून गेलास ते निस्तरायचं कुणी?

कारण तो प्रोग्राम नेटवर तसाच होता, भोंगा बंद केलेला. आणि तेराव्यानंतर तुझ्या नेटवरच्या पानावर एक मेसेज दिसला. जुन्नरकडचा कोणी शेतकरी. ‘साहेब, तुमची नवी आवृत्ती टाकली. मेसेज मराठीत येतात, म्हातारी खूश आहे. तुमचे उपकार.’ मी तो वाचला. लगेच त्याला दोन ओळी लिहिल्या, मेन बंद करा, बॉक्स काढून ठेवा. त्यानं पाहिलं की नाही, काही कळेना. आणि तो तरी बोलला म्हणून माहीत झाला. न बोलता किती जणांनी उचललं असेल, कुणाला ठाऊक.

चुकीची दुरुस्ती करायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. तुझ्या पानाची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तू मला कधीच देऊन ठेवली होतीस. प्रश्न दुरुस्तीचा नव्हता. बदल का केला, ते प्रत्येक बदलाखाली चार शब्दांत लिहायचं असतं, ही तुझीच शिस्त. ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं तर ज्याच्या शेतात बॉक्स चालू आहे तो कशाला परत बघायला येईल? चालत्या मोटारीला कोण हात लावतं? तो थांबायचा असेल तर खरं लिहायला हवं होतं, की यानं माणूस मेला, आणि मेला तो हे लिहिणाराच.

तानाजी नाही म्हणाला. तुझ्या घराच्या सोप्यात आम्ही बसलो होतो, आई आत पडून होत्या. ‘भाऊ, दुरुस्ती करा, माझं कायबी म्हणणं न्हाई,’ तो म्हणाला, ‘पर दादाचं नाव नगा घालू. फौजेत येवढी वरसं काढली, गोळीनं मेला न्हाई, आन् सोताच्या डब्यानं मेला म्हणून लोकं हसतील. आज गाव म्हणतंय लाइटीनं गेला. जाऊ द्या की तसंच.’ त्याचे डोळे भरले होते. तो चुकीचं बोलत नव्हता. तुझं नाव हीच आता त्या घरात उरलेली सगळ्यात मोठी ठेव आहे, आणि मी त्यालाच हात घालायला आलो होतो. मी उठून निघायच्या बेतात होतो, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. कधीपासून दाराआड उभ्या होत्या कोण जाणे. हातात फोन होता. तो त्यांनी माझ्यासमोर धरला. त्या सकाळचा मेसेज. तुझ्या हातची मराठी अक्षरं, ‘मोटार चालू झाली.’

‘भावजी, मी भाकऱ्या थापीत हुते,’ वहिनी म्हणाल्या. ‘फोन वाजला. मी वाचलं. आत्तींना हाक मारून म्हणलं, लाइट आली वो, मोटार चालू झाली, आज खालचा ऊस भिजतोय. आत्ती म्हणल्या, बरं झालं बाई.’ बोलताना त्यांनी आत पडलेल्या सासूबाईंकडे एकदा पाहिलं. तानाजीनं मान खाली घातली. ‘बरं झालं म्हणलं आमी, भावजी. तवा त्ये तिकडं पडल्यालं हुतं आन् हितं आमी बरं झालं म्हणलं.’

मग त्यांनी फोन पदरात गुंडाळला आणि तानाजीकडे न बघता बोलल्या, ‘त्या जुन्नरच्या म्हातारीला आसला मेसेज याय नगो. लिवा. नाव घालून लिवा. बिननावाचं लिवलं तर लोकं म्हणत्यात, आसंल कुणाचं तरी झाल्यालं, आपल्याला काय.’

तानाजी उठून बाहेर गेला. मी तिथेच, तुझ्याच लॅपटॉपवर, त्या दोन रेघा पुसल्या. दोन सेकंदांची परत दोन मिनिटं केली. खाली कारण दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं ते असं: ‘या आवृत्तीत भोंगा बंद राहिला होता. हा बॉक्स बनवणारे विलास यांचा याच चुकीमुळे स्वतःच्या विहिरीवर मृत्यू झाला. ज्यांनी ही आवृत्ती घेतली असेल त्यांनी आत्ता मेन बंद करावी, मगच पुढचं वाचावं.’ वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘फौजी लिवा की फुडं.’ मग तुझ्या नावापुढे फौजी लिहिलं, आणि ते नेटवर टाकलं.

बाहेर आलो तर तानाजी ओट्यावर बसला होता. मी शेजारी बसलो. तो मला शिव्या देईल असं वाटलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, ‘मीबी न्हेणार हुतो त्यो डबा माझ्या इहिरीवं. दादा म्हणल्याला, रविवारी बसवू.’ समोर तुझी गाडी तशीच उभी होती, कुणी झाकलीही नव्हती.

जुन्नरच्या माणसाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मेन बंद केली, बॉक्स काढला, असं लिहिलंय. आणखी काही लिहायचं त्याला सुचलं नसावं, खाली नुसते दोन जोडलेले हात आहेत. मी ते वहिनींना फोन करून सांगितलं. त्यांनी ‘बरं झालं’ म्हणायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या.

पण तो एक झाला. बाकीचे कुठे आहेत, कोण आहेत, मला माहीत नाही. सकाळी उठलो की आधी तुझं पान उघडतो, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडतो. पानावर सामसूम आहे. मी लिहिलेलं तिथे उघडं पडलंय, कुणाला दिसेल त्याला दिसेल. लोक नुसते उचलतात, वाचत कुणी नाही, हे मी तुला किती वेळा सुनावलं असेल. ते जर खरं असेल, तर कुठल्या तरी विहिरीवर आज कुणी तरी मोटारीचं झाकण उघडून बसलेला असेल आणि त्याला काहीही ऐकू येणार नाही.

तेव्हा गड्या, त्या चार डोळ्यांच्या बाबतीत तरी तू खरा ठर. मी हरायला तयार बसलोय.